कोविड, पुरुष आणि 'तिकडचं' दुखणं : कोणी बोलणार आहे का?

रबाळे_लोकल | ११ जून २०२३, रात्री ११:४२

धागा काढावा की नाही यात आठवडा गेला. पाऊस लांबलाय, उकाड्याने झोप नाही, म्हटलं लिहून टाकू.

मी घणसोलीत राहतो, नोकरी ऐरोलीला. वय ३४. लग्नाला चार वर्षं, गेल्या वर्षापासून बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. एप्रिलच्या शेवटी जी छोटी लाट येऊन गेली त्यात मीही सापडलो. घरच्या किटवर दोन रेघा, तीन दिवस १०२-१०३ ताप. २०२१ मध्ये अख्खी सोसायटी आडवी झाली तेव्हा मी धडधाकट होतो, त्यामुळे यावेळी जरा बेफिकीरच होतो. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि खाली, म्हणजे अंडकोषात (घ्या, लिहिला शब्द), उजवीकडे ठसठस सुरू झाली. बाइकवर बसवेना. पाच-सहा दिवसांत थांबली. कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार?

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी दोघांच्याही तपासण्या सांगितल्या. माझा वीर्यतपासणीचा रिपोर्ट आला : शुक्राणूंचा काउंट ७ मिलियन, हलणारे २४ टक्के. लॅबमधल्या मुलीने काउंटरवरूनच "सर, रिपोर्ट लवकर दाखवून घ्या हां" असं सांगितलं, रांगेतल्या सहा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात.

आता प्रश्न. हे कोविडमुळे झालं का? कायमचं आहे का? बायकोला यातून काही होऊ शकतं का? नेटवर वाचायला गेलो तर एकीकडे 'काही होत नाही' आणि दुसरीकडे 'मानवजात संपणार'. मधलं काही कोणाला माहीत आहे का?

---

पारसिक_बोगदा | ११ जून २०२३, रात्री ११:५८

आधी शीर्षकातलं 'तिकडचं' काढा. कळव्यापलीकडचं सगळंच आम्ही तिकडचं म्हणतो, मला वाटलं दिघ्याच्या पाणीटंचाईचा धागा आहे.

बाकी, लिहिलंत ते चांगलं केलंत. गालगुंड झालं की मुलग्याला पलंगावरून उतरू न देणारी आजी आमच्याकडेही होती. "खाली उतरतं" म्हणायची. कोविडही तसंच खाली उतरतं का, हा प्रश्न मलाही पडला होता, विचारलं मात्र कोणालाच नाही.

---

मूत्रवैद्य | १२ जून २०२३, सकाळी ७:१५

ठाण्यात युरॉलॉजीची प्रॅक्टिस करतो. ओपीडी सुरू व्हायच्या आत लिहितोय, घाईबद्दल माफी.

रबाळे_लोकल, तुमच्या रिपोर्टवर आकड्यांपेक्षा तारीख महत्त्वाची आहे. ताप एप्रिलअखेर, तपासणी जूनच्या सुरुवातीला. म्हणजे सहा आठवडे. शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, वर नळ्यांतून प्रवासाचे दोनेक आठवडे. आज जे बाहेर पडतंय ते तुम्ही तापाने फणफणत होता तेव्हा कारखान्यात होतं. वृषणं शरीराबाहेर लटकतात ती उगाच नाहीत, त्यांना अंगापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. तीन दिवस १०३ ताप असेल तर मलेरिया असो, डेंग्यू असो की कोविड, पुढच्या दोन-अडीच महिन्यांतला काउंट पडणारच. त्यामुळे या एका रिपोर्टवर काहीही ठरवू नका. तापापासून तीन महिने पूर्ण होऊ द्या, ऑगस्टमध्ये परत करा.

आता कोविडचं वेगळं काय. हा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या दारातून, आणि ते दार फक्त फुप्फुसात नाही. मूत्रपिंडात भरपूर आहे, वृषणातही आहे. दार उघडायला जे विकर (एन्झाइम) मदत करतं, टीएमपीआरएसएस-२, ते आम्हा युरॉलॉजीवाल्यांच्या ओळखीचं, प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या पुरुषी ग्रंथीच्या) कॅन्सरमुळे. म्हणून २०२० मध्ये आमच्या सगळ्यांच्या भुवया उंचावल्या होत्या. चीनमध्ये कोविडने दगावलेल्यांची वृषणं तपासली तेव्हा आतल्या पेशींना सूज आणि इजा दिसली होती. पण ते रुग्ण किती अत्यवस्थ होते ते लक्षात घ्या. घरी बसून पॅरासिटामॉलवर बरा झालेला माणूस आणि ते, यांत फार अंतर आहे.

तुम्हाला जी ठसठस झाली ती बऱ्याच जणांना झाली, बहुतेकांची आपोआप गेली. मात्र एक सगळ्यांसाठी : एका बाजूला अचानक असह्य कळ, वर मळमळ-उलटी, असं झालं तर 'कोविडचं असेल' म्हणत घरी बसू नका. वृषणाला पीळ पडला असू शकतो. तिथे सहा तासांचा हिशोब असतो, नाहीतर ते काढून टाकावं लागतं. तरुण मुलं लाजेपायी सकाळपर्यंत थांबतात आणि आम्ही हात चोळत बसतो.

---

खाडीचा_वारा | १२ जून २०२३, सकाळी ९:३०

ताप वगैरे ठीक आहे. लशीबद्दल कोणी का बोलत नाही? आमच्या गावच्या ग्रुपवर तेव्हापासून सांगत होते की सुई घेतली की पुरुषत्व जाणार. आता काउंट पडतायत तर म्हणे ताप!

---

मूत्रवैद्य | १२ जून २०२३, दुपारी २:०५

खाडीचा_वारा, हीच अफवा पोलिओच्या थेंबांबद्दलही होती. जानेवारी २०२१ मध्ये लशींना मंजुरी मिळाली तेव्हा देशाच्या औषध महानियंत्रकांना नपुंसकत्वाचा प्रश्न पत्रकारांनी विचारला होता आणि त्यांनी तो सरळ मूर्खपणा म्हणून उडवून लावला होता. नुसतं उडवून लावणं पुरत नाही हे मान्य. म्हणून मोजलेलं सांगतो. मायामीत ४५ पुरुषांचं वीर्य लशीच्या आधी आणि दोन्ही डोसांनंतर तपासलं, काउंट घटला नाही. अमेरिका-कॅनडात २,१२६ जोडप्यांच्या पाहणीत लस घेतल्याने दिवस राहण्याच्या शक्यतेत फरक दिसला नाही. दिसला तो पुरुषाला कोविड होऊन गेल्यावर साधारण ६० दिवस, त्यानंतर तोही विरला. म्हणजे घाबरायचंच असेल तर रोगाला घाबरा.

हो, त्या दोन्ही पाहण्या प्रामुख्याने तिकडच्या लशींच्या आहेत, आपल्या कोविशील्ड-कोव्हॅक्सिनच्या नाहीत. तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकतो.

---

खाडीचा_वारा | १२ जून २०२३, दुपारी २:४०

तेच विचारणार होतो. बरं, राहू दे. मी तीन घेतल्या आहेत आणि धाकटी दीड वर्षाची आहे, त्यामुळे माझा वाद तात्त्विक होता.

---

तलावपाळी | १२ जून २०२३, दुपारी ३:२२

एक बाई म्हणून लिहिते, चालेल ना?

आमच्याकडे प्रयत्न सुरू होऊन दीड वर्ष झालं तेव्हा माझ्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, तीन सोनोग्राफ्या झाल्या, गर्भनलिका उघड्या आहेत का बघायला रंग सोडून एक्स-रे काढला. त्या दिवशी मी ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर रेलिंग धरून उभी होते, रिक्षापर्यंत चालवत नव्हतं. सासूबाईंनी शनिवारांचे उपास धरले. आणि नवरोबांची साधी वीर्यतपासणी? "मला काय झालंय?" ती चार-पाचशे रुपयांची, न दुखणारी तपासणी झाली सगळ्यात शेवटी. काउंट कमी निघाला. त्याला २०२१ मध्ये मोठा कोविड झाला होता, बारा दिवस ऑक्सिजनवर होता. त्याचमुळे कमी झाला की आधीपासूनच कमी होता, हे कधीच कळणार नाही, कारण आधी कोणी तपासलंच नव्हतं.

रबाळे_लोकल, तुम्ही दोघांनी एकदमच केलीत, बायकोला माझ्याकडून नमस्कार सांगा.

---

पारसिक_बोगदा | १२ जून २०२३, दुपारी ३:३१

+१. 'मला काय झालंय' हे आमच्या घराचंही ब्रीदवाक्य आहे.

---

सूक्ष्मदर्शी | १२ जून २०२३, रात्री ९:१०

मी लॅबमध्ये आहे, नेरुळला. दिवसाला सात-आठ वीर्याचे नमुने बघतो. काउंटरवर जे झालं ते चूकच, पण निम्मे रिपोर्ट नमुना कसा दिला त्यावर बिघडतात, म्हणून लिहितो.

मधे दोन ते सात दिवसांचं अंतर हवं. लोक काउंट वाढावा म्हणून पंधरा-पंधरा दिवस थांबून येतात. त्याने संख्या जरा फुगते, पण मेलेले जास्त निघतात. साबण, तेल, थुंकी काही लावायचं नाही. साधा निरोध वापरून आणलेला नमुना चालत नाही. आणि सुरुवातीचा भाग सांडला तर तसं सांगा, प्लीज. सगळ्यात जास्त शुक्राणू त्या पहिल्या थेंबांत असतात. सांडलेलं लपवतात, आम्ही उरलेलं मोजतो आणि माणूस महिनाभर झोपत नाही.

घरून आणणार असाल तर अर्धा-पाऊण तासात, फार तर तासाभरात पोचवा. डबी शर्टाच्या आत, अंगाला लागून. एक साहेब खारघरहून आले, डबी गाडीच्या एसीच्या जाळीसमोर ठेवून. म्हणे खराब होऊ नये म्हणून. सगळे थंडीने गारठलेले, हलणार कुठून?

त्या मर्यादेच्या आकड्यांबद्दलही गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरला १६ मिलियन, हालचाल ४२ टक्के असं दिलंय. ते पास-नापासचं नाही. ज्यांच्या घरी वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांपैकी सगळ्यात खालचे पाच टक्के त्या रेषेखाली होते, एवढाच त्याचा अर्थ. त्या पाच टक्क्यांनाही मुलं झालीच होती.

---

रबाळे_लोकल | १२ जून २०२३, रात्री १०:२५

सूक्ष्मदर्शी, खरं सांगायचं तर सांडलं होतं. लॅबमधली ती खोली म्हणजे संडासच होता. कडी अर्धवट लागत होती, नळ ठिबकत होता, बाहेर कोणीतरी "उपाशीपोटी आहात का?" असं ओरडून विचारत होतं. ते दुसऱ्या कोणाला विचारलेलं होतं, पण मी दचकलो.

---

सूक्ष्मदर्शी | १२ जून २०२३, रात्री १०:३१

घ्या. म्हणजे तुमचा रिपोर्ट दोन कारणांनी संशयित.

---

गायमुख | १३ जून २०२३, सकाळी ६:०५

तरुण मंडळींचं चाललंय, त्यात ६३ वर्षांच्या म्हाताऱ्याने तोंड घातलं तर राग मानू नका. शीर्षकात मुलांचं काही नाही, दुखण्याचं आहे, म्हणून.

जानेवारी २०२२. घरात सगळ्यांना झालेला ओमायक्रॉन मलाही झाला. नाक गळत होतं, घसा धरला होता. मुलाने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या, दिवसातून तीन. दुसऱ्या रात्री लघवी थेंब थेंब, आणि मध्यरात्रीनंतर बंदच. प्रोस्टेट थोडं वाढलंय हे मला माहीत होतं, पण रात्री दोनदा उठणं यापलीकडे त्रास नव्हता. पोटाच्या खाली नारळ ठेवल्यासारखं टणक झालं. बाळंतपणाच्या कळांची तुलना करू नये म्हणतात, करत नाही, पण हिने माझा चेहरा बघून तीच केली.

रात्री तीनला मुलाने गाडी काढली. आमच्या इथून पाचपाखाडी बारा मिनिटांत. बावीस वर्षांत घोडबंदर रस्ता इतका मोकळा कधी पाहिला नव्हता, आणि तो बघायच्या परिस्थितीत मी नव्हतो. पहिल्या ठिकाणी कोविड पॉझिटिव्ह म्हटल्यावर दारातच अर्धा तास कागदपत्रं. दुसऱ्या ठिकाणी पीपीई घातलेल्या एका पोराने नळी घातली. पिशवीत ९०० मिलि जमा झालं. त्या पोराचा चेहरा मी पाहिलेला नाही, पण रोज संध्याकाळी दिवा लावताना त्याची आठवण काढतो.

माझा प्रश्न असा की हे कोविडने केलं की गोळीने?

---

मूत्रवैद्य | १३ जून २०२३, दुपारी १:५०

काका, बहुतेक दोघांनी मिळून, पण गोळीचा वाटा मोठा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन एकत्र असतात. पहिलं नाक मोकळं करतं ते रक्तवाहिन्या आवळून, आणि तेवढ्याच इमानाने मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायूही आवळतं. दुसरं मूत्राशयाला सुस्त करतं. म्हणजे दरवाजा घट्ट आणि ढकलणारा झोपलेला. आधीच प्रोस्टेटने वाट अरुंद केलेली. त्या दोन वर्षांत असे कितीतरी काका मी पाहिले. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी 'सर्दीची गोळी द्या' म्हणून दुकानातून काहीही घेऊ नये. हे एवढं एक वाक्य आपापल्या वडिलांना पाठवा.

कोविडमध्ये सारखी लघवीला लागणं, जळजळ, जंतू मात्र सापडत नाहीत, अशाही तक्रारी बऱ्याच नोंदल्या गेल्यात. मूत्राशयाच्या अस्तराची सूज असावी असा कयास आहे. आणि ज्यांना आयसीयूत लघवीची नळी होती त्यांच्यापैकी काहींना पुढे मूत्रमार्ग आकसल्याचा त्रास झाला. धार बारीक झाली असेल तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. अजून एक, आजारपणात किंवा नळी घातल्यावर केलेली पीएसए तपासणी (प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय बघायची रक्ततपासणी) उगीच वाढलेली येते. सहा-आठ आठवडे जाऊ द्या, मगच करा.

---

गायमुख | १३ जून २०२३, दुपारी २:२०

नळी असतानाच माझं पीएसए केलं होतं! ११ आलं. दोन महिने कॅन्सर समजून मी मृत्युपत्राचा मसुदा केला. नंतर २.८. मृत्युपत्र तसंच ठेवलंय, बरं जमलंय.

---

आत्ताच_आलो | १४ जून २०२३, रात्री १२:४८

ड्युआयडी (दुसऱ्या नावाचं खातं) आहे, ओळखलंत तरी ओळखू नका.

वय ४६. दुसऱ्या लाटेत वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातल्या कोविड सेंटरमध्ये अकरा दिवस होतो. स्टेरॉइड दिलं होतं, त्याने वाचलो असं सगळे म्हणतात, मलाही तसंच वाटतं. पण त्यानंतर ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. दोन वर्षं झाली. आधी वाटलं अशक्तपणा. मग जिममधला ट्रेनर म्हणाला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घ्या, वाघ व्हाल. तीन हजार रुपये घरातल्या कपाटात पाकिटात घालून ठेवलेत, घेऊ का नको. बायको काही बोलत नाही. तेच जास्त लागतं.

---

मूत्रवैद्य | १४ जून २०२३, सकाळी ६:५०

घेऊ नका. पाकीट तसंच ठेवा.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम थांबतो, शुक्राणू बनणं बंद पडतं. तुम्हाला मुलं नको असतील कदाचित, पण रबाळे_लोकलसारख्या कोणी हे वाचून घेतलं तर पंचाईत. आजारपणात हे संप्रेरक खाली जातंच, बऱ्याच जणांत परत वर येतं. सकाळच्या रक्तात दोनदा मोजून कमी निघालं तरच त्याचा विचार.

तुमच्या तक्रारीत मला जास्त काळजी दुसरी आहे. ताठरता म्हणजे रक्तवाहिन्यांचा खेळ. कोविड रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला दुखवतो हे आता पक्कं आहे. इटलीतल्या एका छोट्या पाहणीत कोविड झालेल्यांत हा त्रास २८ टक्क्यांना होता, न झालेल्यांत ९ टक्क्यांना. मायामीत दोन जणांच्या लिंगातल्या ऊतीत आजारानंतर कित्येक महिन्यांनी विषाणूचे कण दिसले, त्याच्या बातम्या जगभर झाल्या. दोन जण, हे मात्र बातमीत खाली बारीक छापलेलं होतं.

पण लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. वाहिन्या बिघडायला लागल्या की तक्रार आधी लहान नळातून येते. म्हणून माझे प्रश्न असे : पहाटे ताठरता येते का? रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, कुठल्या? सिगारेट? आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टेरॉइडनंतर साखर कधी तपासली? त्या काळात कितीतरी जणांची साखर वर गेली ती खाली आलीच नाही, आणि त्यांना पत्ताही नाही. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड, एक ईसीजी. त्या पाकिटातल्या पैशांत होतं सगळं.

---

तलावपाळी | १४ जून २०२३, सकाळी ८:१२

आत्ताच_आलो, बायको बोलत नाही म्हणजे रागावलीये असंच नसतं. मीसुद्धा आठ महिने गप्प होते, तो दुखावेल म्हणून. त्याला वाटत होतं मला त्याची किळस येते. एका रविवारी भाजी निवडताना विषय निघाला. तुम्ही भाजी निवडायला बसा.

---

खाडीचा_वारा | १४ जून २०२३, सकाळी १०:४०

मूत्रवैद्य, धागाकर्त्याचा एक प्रश्न राहिला. वीर्यातून बायकोला लागण होते का?

---

मूत्रवैद्य | १४ जून २०२३, रात्री ९:३५

बरोबर, राहिलाच. २०२० मध्ये चीनमधून बातमी आली होती, ३८ पैकी ६ जणांच्या वीर्यात विषाणूचे अंश सापडले. त्यातले बहुतेक आजार ऐन भरात असलेले. नंतरच्या बहुतेक तपासण्यांत सापडला नाही. आपल्याकडे पाटण्याच्या एम्सने ३० पुरुष तपासले, एकाच्याही वीर्यात नव्हता. वीर्याची प्रत मात्र आजारानंतर लगेच घसरलेली होती आणि ७४ दिवसांनी सुधारली, पण पूर्ण नाही. तापलेला माणूस शेजारी झोपला तर लागण श्वासातूनच होईल, तिथपर्यंत जायची गरज नाही.

मुंबईत आयआयटी आणि जसलोक रुग्णालयाने मिळून १७ बरे झालेले आणि १० निरोगी पुरुषांच्या वीर्यातली प्रथिनं तपासली होती. काही कमी झालेली, काही वाढलेली दिसली. उत्सुकता वाटावी असं काम आहे, पण १७ माणसांवरून मी ओपीडीत कोणाला काही सांगणार नाही. तलावपाळी म्हणतात तीच यातली मेख आहे : बहुतेकांचे कोविडच्या आधीचे रिपोर्टच नसतात.

---

रबाळे_लोकल | १२ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ७:२०

धागा वर काढतोय. परवा परत तपासणी केली. वेगळी लॅब, खोलीला नीट कडी. चार दिवसांचं अंतर, काही सांडलं नाही (सूक्ष्मदर्शी, नोंद घ्या). काउंट २९ मिलियन. हलणारे ३८ टक्के, म्हणजे अजून रेषेच्या जरा खाली. मधल्या काळात लॅपटॉप मांडीवरून टेबलावर आला आणि सिगारेट सुटली, निदान घरी तरी. डॉक्टर म्हणाले, अजून तीन महिने नुसते प्रयत्न करा, औषध काही नको. मेडिकलवाल्याने दिलेल्या दीड हजारांच्या शक्तीच्या कॅप्सूल परत करायला गेलो तर घेत नाही म्हणाला.

---

सूक्ष्मदर्शी | १२ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ७:४४

नोंद घेतली. ३८ मध्ये मोजणाऱ्याचाही फरक धरा, दोन-चार टक्के आमच्या नजरेचे असतात.

---

पारसिक_बोगदा | १२ ऑगस्ट २०२३, रात्री ८:०२

कॅप्सूल पाठवून द्या, आमच्या ब्रीदवाक्याला देतो.

---

आत्ताच_आलो | १३ ऑगस्ट २०२३, रात्री ११:१५

मीही सांगून टाकतो. साखर तपासायलाच दोन महिने घालवले. एचबीए१सी ८.९. पाकिटातले अठराशे तपासण्यांत गेले, उरलेल्यांत बायकोने ग्लुकोमीटर घेतला, आता सकाळी चहाच्या आधी तीच बोट टोचते. गुरुवारी डॉक्टरांची वेळ मिळालीये, ती सोबत येणार आहे. दुसऱ्या तक्रारीचं त्यांना मीच सांगायचं की तिने, यावर अजून एकमत नाही.